रोज ऑफिसला सायकलने जायचं तर सायकलवर काय काय हवं?

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला राहणाऱ्या एका ताईंना बाणेरच्या ऑफिसला रोज सायकलने जायचंय. एका बाजूचं अंतर साधारण 9 किलोमीटर, वाटेत चांदणी चौकाचा चढ. सोबत लॅपटॉप, डबा, बाटली आणि येताना भाजी. कपडे बहुतेक सलवार-कमीझ. हाताशी 25 हजार रुपये आहेत. दुकानदार म्हणतो, पुढे हादरे शोषणारं सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि जाड टायर असलेली घ्या, बाकी सामान नंतर हळूहळू होईल. हे बरोबर आहे का, आणि ‘बाकी सामान’ म्हणजे नेमकं काय, असं त्या विचारतात.

ताई, मी पुण्यातच गेली 18 वर्षं रोज सायकलने कामावर जाते. भाजी, दळण, किराणा, बँकेची कामं, सगळं तिच्यावरच होतं. त्या अनुभवावरून सांगते, ‘बाकी सामान नंतर’ हे मला अजिबात पटलेलं नाही. रोजच्या वापराच्या सायकलीत मडगार्ड, कॅरियर, स्टँड, दिवे, चेनकव्हर, कुलूप हीच तर खरी सायकल. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये हौसेने नवी सायकल घेतली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती जिन्याखाली गेली. त्यांना ना चढाने हरवलं, ना अंतराने. पाठीवर उठणारी चिखलाची रेघ, खांद्याला रग लावणारी बॅग आणि संध्याकाळी ऐनवेळी न लागणारा दिवा, एवढ्यावर ते थांबले.

म्हणून मी एकच गोष्ट बघते: वस्तू सायकलला कायमची बसलेली आहे की रोज काढावी-घालावी लागणार आहे? बसलेली असेल तर ती रोज वापरली जाते. रोज शोधावी लागत असेल, तर ती तिसऱ्या आठवड्यात घरीच राहते. आणि नेमक्या त्याच दिवशी पाऊस येतो.

दुकानाच्या काचेत ठेवलेल्या सायकलींपेक्षा ज्यांचं पोट सायकलवर आहे त्यांच्या सायकली बघा. पहाटेचा पेपरवाला, मुंबईचा डबेवाला, गोव्यातला पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा. पोदेराच्या कॅरियरवर बांबूची मोठी टोपली पक्की बांधलेली असते, पावाला पाणी लागू नये म्हणून वर प्लास्टिक, आणि हँडलला रबरी भोंगा. त्या सायकलीवरची प्रत्येक वस्तू एका विशिष्ट कामासाठी आहे आणि ती कधीच उतरवली जात नाही. सस्पेन्शन त्यातल्या कोणाच्याच सायकलीला नसतं.

सस्पेन्शनबद्दल स्पष्टच सांगते. या किमतीत येणारा, पुढचं चाक धरणारा सस्पेन्शन-चिमटा साध्या चिमट्यापेक्षा एक-सव्वा किलोने तरी जड असतो. चढावर उभं राहून पायडल मारलं की तो खाली-वर होतो आणि तुमचा जोर गिळतो. दोन पावसाळ्यांत आतून गंजून कडक होतो, म्हणजे वजन राहतं आणि उपयोग जातो. शिवाय त्यावर पूर्ण लांबीचं मडगार्ड नीट बसत नाही. खड्ड्यांचा त्रास कमी करायचं काम रुंद टायर आणि त्यातली योग्य हवा कितीतरी चांगलं करतात.

तुमच्यासाठी मी साधा, न हलणारा चिमटा असलेली, 700 सी मापाच्या चाकांची हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल, बघेन. टायर 38 ते 40 मिलीमीटर रुंद, आडवी नळी शक्य तितकी खाली उतरलेली. या उतरत्या नळीला ‘लेडीज’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. कॅरियरवर दळणाचा डबा किंवा भाजीची पिशवी असली की पाय मागून फिरवून बसताच येत नाही, मग माणूस पुरुष असो की बाई. सलवार-कमीझमध्ये सिग्नलला पटकन पाय टेकायचा तर हीच नळी सोयीची.

दुकानात गेल्यावर खाली वाका आणि मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमला छोटी आटे पाडलेली भोकं आहेत का ते बघा. सीटखालच्या दोन नळ्यांवरही तशीच दोन हवीत, आणि पुढच्या चिमट्याच्या टोकांशी एकेक. ही भोकं असतील तर कॅरियर आणि मडगार्ड बोल्टने थेट फ्रेमला बसतात. नसतील तर क्लॅम्प आणि पट्ट्यांचा जुगाड करावा लागतो, आणि तो पुण्याच्या स्पीडब्रेकरांवर महिनाभरात सैल होतो. ही भोकं नसलेली सायकल फुकट मिळाली तरी मी रोजच्या कामाला घेणार नाही.

बजेट कमी करायचं असेल तर आपली साधी भारतीय लेडीज सायकलही वाईट नाही. तिला मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर, स्टँड, घंटी, मागच्या चाकाला जाळी आणि पुढे बास्केट, सगळं कारखान्यातूनच येतं. अडचण दोनच: वजन आणि चढ. अशा सायकलीला बहुतेक वेळा पुढे 44 आणि मागे 18 दात असतात, म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच फेऱ्या मारतं. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, बदलून 22 दातांचं लावलं की त्या दोनच फेऱ्या होतात आणि चढ स्पष्ट हलका वाटतो. काम अर्ध्या तासाचं आणि खर्च थोडा. फक्त चेन दोन घरं लांब लागू शकते, तेवढं मेकॅनिकला आधी सांगा. पण चांदणी चौक रोज असेल तर गिअर घ्याच. 21 चे 27 गिअर करण्यात काही अर्थ नाही. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढचे आणि मागचे दात सारखे, साधारण 28 ला 28, असले की बॅग लादूनही तो चढ बसून चढता येतो.

टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत 40-622 असा आकडा कोरलेला असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलीमीटरमध्ये. तो वहीत लिहून ठेवा. जुन्या काळ्या सायकलीचा ‘28 इंची’ टायर 635 चा असतो, 700 सी चा 622 चा, आणि 26 इंची माउंटन बाइकचा 559 चा. नुसतं ‘अठ्ठावीसचा द्या’ म्हटलं तर दुकानदार काळ्या सायकलीचा हातात देतो आणि तो तुमच्या रिमवर बसत नाही. मी स्वतः एकदा असा टायर घेऊन घरी आले आणि तसाच परत न्यावा लागला.

हवा वजनाप्रमाणे. 60-65 किलोचं माणूस आणि मागे 6-7 किलोची बॅग असेल तर 40 मिलीमीटरच्या टायरला मागे 55 आणि पुढे 45 पीएसआय भरून बघा, मग स्वतःच्या हाताला आणि पाठीला विचारून पाच-पाच इकडेतिकडे करा. कमी हवेवर खड्ड्यात ट्यूब रिमला आपटून तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. घरी गेज असलेला उभा पंप ठेवा. ही चैन मुळीच नाही. दर रविवारी दोन मिनिटं हवा बघणारा माणूस वर्षाला एखाद्या पंक्चरवर सुटतो. व्हॉल्व्ह जाडा, स्कूटरसारखा असेल तर उत्तम, कारण रस्त्यावरच्या कुठल्याही हवेवाल्याकडे हवा मिळते. बारीक, टोकाला छोटी चकती फिरणारा असेल तर पितळी अडॅप्टर घेऊन तो व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा. बॅगेत ठेवला की हरवतो. टेकडीच्या बाजूने जाणार असाल तर बाभळीच्या काट्यांसाठी टायरच्या आत लायनरची पट्टी घाला, सायकल किंचित जड होते पण काटा ट्यूबपर्यंत पोचत नाही.

मडगार्डवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण पुण्यात सायकल सुटते ती मडगार्डवाचून. सीटच्या नळीला चिमटीसारखं अडकवायचं प्लास्टिकचं छोटं पान मिळतं, ते मडगार्ड नव्हे. ते फक्त पाठ वाचवतं. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट तुमच्या बुटांवर, चेनवर आणि पायडलच्या आसावर जातो, तिथे त्याचा काही उपयोग नाही. पूर्ण लांबीचं, लोखंडी काड्यांनी आसाजवळ धरलेलं मडगार्ड घ्या. टायरपेक्षा ते 8-10 मिलीमीटर रुंद हवं, आणि टायर-मडगार्डमध्ये करंगळी सहज जाईल इतकी फट हवी. फट कमी असली की खोदलेल्या रस्त्याचा चिकट गाळ आत अडकतो आणि चाक घासायला लागतं. आणखी एक काम स्वतः करा: पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला रबराची झडप जोडा. जुन्या पायपुसण्याचं रबर किंवा जाड प्लास्टिकच्या कॅनचा तुकडा, दोन भोकं, दोन बोल्ट. झडप जमिनीपासून वीतभर वर राहील इतकी लांब ठेवा. ही झडप लावल्यापासून माझी चेन पावसाळ्यात पूर्वीपेक्षा जवळजवळ दुप्पट टिकते आणि ऑफिसात पोचल्यावर सलवारीच्या घेराला फारसा डाग नसतो.

आता ओझं. लॅपटॉपची सॅक पाठीवर घेऊन सायकल चालवू नका. पुण्यात एप्रिल-मे मध्ये पाठ ओलीचिंब होते, आणि खांद्यांवरचं वजन सगळं सीटवर आणि मनगटांवर उतरतं. ओझं सायकलने उचलावं. ॲल्युमिनियमच्या चांगल्या कॅरियरवर 25 किलो असा आकडा छापलेला असतो, त्याला फ्रेमच्या भोकांत चार बोल्टनी बसवा. नुसता सीटच्या दांड्याला क्लॅम्प होणारा कॅरियर घेऊ नका, त्याची मर्यादा 9-10 किलोच्या आसपास असते आणि वजनाने तो हळूहळू बाजूला फिरतो. कॅरियर बसवल्यावर पहिल्या आठवड्यानंतर चारही बोल्ट पुन्हा आवळा. नवे बोल्ट एकदा सैल होतातच.

कॅरियरच्या बाजूला अडकणारी एक बॅग पुरे, दोन नकोत. एकाच बाजूला 5-6 किलो असलं तर दोन दिवसांत सवय होते. बॅग घ्यायला जाताना नेहमीचे बूट घालून जा, दुकानात सायकलला बॅग अडकवून पायडल उलटं फिरवा आणि टाच बॅगेला लागते का बघा. लागत असेल तर बॅग मागे सरकवता येईल असे हुक हवेत. ‘वॉटरप्रूफ’ या छापील शब्दावर विश्वास ठेवू नका. माझ्या पहिल्या बॅगेवर तो मोठ्या अक्षरांत होता, आणि एका जुलैच्या संध्याकाळी त्यातून सहकाऱ्याचा लॅपटॉप भिजलेला निघाला. त्या प्रसंगाने मला फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून नवी बॅग आणली की मी तिच्यात कोरडा वर्तमानपत्राचा कागद चुरगाळून भरते, तोंड गुंडाळून बंद करते आणि दहा मिनिटं बाथरूमच्या नळाखाली धरते. मग कागद बाहेर काढून हाताने चाचपायचा. पाणी बहुधा शिवणीतून शिरतं, कापडातून नाही. त्यामुळे चेनवाल्या बॅगेपेक्षा तोंड तीन वेळा गुंडाळून बकल लावायची बॅग चांगली. आणि बॅगेच्या तळाशी बोटभर जाडीचा फोम किंवा घडी केलेला टॉवेल ठेवा. बाजूची बॅग खड्ड्यात खालून हादरा घेते आणि लॅपटॉप उभा असल्याने तो हादरा त्याच्या कडेवर बसतो.

ओझं बांधायला हुकवाली इलॅस्टिक दोरी वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती. पौड फाट्यापाशी माझ्या दोरीचा हुक सुटून मागच्या चाकात गेला, तीन तारा तुटल्या, चाक अडकलं आणि मी डाव्या कोपरावर पडले. मागून येणारी रिक्षा वेळेत थांबली म्हणून हे लिहितेय. आता माझ्याकडे जुन्या ट्यूबची पट्टी आहे. पंक्चर काढून काढून संपलेली ट्यूब व्हॉल्व्हजवळ कापायची, लांबीत उभी चिरायची, स्वच्छ धुवायची. दहा किलोचं दळण घेऊन गिरणीतून निघताना ती डब्याच्या गळ्याखालून एकदा, वरून एकदा आणि कॅरियरच्या नळीला दोन वेढे देऊन ओढून बांधते. रबर रबराला आणि डब्याला चिकटून धरतं, सरकत नाही, आणि तिला हुकच नसतो. राहिलेलं टोक कॅरियरच्या पट्टीखाली खोचायचं, लोंबतं ठेवायचं नाही. पिठाचा गरम डबा बांधून घरापर्यंत आणला तरी झाकणाखालचा कागद जागचा हलत नाही. भाजीसाठी हँडलला पिशवी लटकवू नका, ती वळताना चाकात शिरते. पुढे बास्केट लावा किंवा मागच्या बॅगेत भरा.

ब्रेकचा विचार रिमपासून सुरू करा. स्टीलच्या चकचकीत रिमवर पावसात रबरी ब्रेक जवळजवळ धरतच नाहीत. ॲल्युमिनियमच्या रिमवर पहिली फेरी पाणी पुसण्यात जाते आणि मग धरतात. तुमच्या बजेटमध्ये ॲल्युमिनियम रिम आणि व्ही-ब्रेक, म्हणजे दोन्ही बाजूंनी रिम धरणारे रबरी ब्रेक, मला जास्त आवडतील. कुठल्याही मेकॅनिकला ते जमतात, आणि पावसाळा संपल्यावर ब्रेकरबरं बदलली की वर्षभराची निश्चिंती. डिस्क ब्रेक पावसात चांगलेच, पण स्वस्त सायकलीवरचे केबलने ओढायचे डिस्क सतत जुळवत बसावे लागतात, आणि मागचं कॅलिपर, म्हणजे चकती धरणारा भाग, कॅरियरच्या पायाच्या आड येतं, त्यासाठी वेगळा कॅरियर शोधावा लागतो. डिस्कवाली सायकलच पसंत पडली तर कॅरियर दुकानातच बसवून घ्या, घरी नेल्यावर कळून उपयोग नाही.

दिव्यांचं काम दोन प्रकारचं असतं: आपल्याला रस्ता दिसणं आणि इतरांना आपण दिसणं. शहरात दुसरं जास्त महत्त्वाचं. मागचा लाल दिवा बहुतेक लोक सीटच्या दांड्याला लावतात, आणि मग बॅग, कुर्त्याचा घेर किंवा रेनकोट त्यावर येतो. तुमचा दिवा कॅरियरच्या मागच्या टोकाला बोल्टने बसवा, त्याच्या खाली एक मोठा लाल रिफ्लेक्टर. दिवा लुकलुकता न ठेवता सतत जळता ठेवा, मागच्याला अंतराचा अंदाज येतो. पुढे 200-300 ल्युमेन पुष्कळ आहेत. त्याचा झोत चाकापुढे पाच-सहा मीटरवर रस्त्यावर पडेल असा खाली वळवा, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ देऊ नका. चार्जिंगचा दिवा घेतलात तर आठवड्याचा एक दिवस ठरवा, माझा सोमवार आहे, आणि बॅगेच्या खिशात बटणसेलवरचा एक लहान लाल दिवा कायमचा ठेवा. बाटलीसारखा टायरवर घासणारा 6 व्होल्टचा जुना डायनामो मिळाला तर त्यालाही कमी लेखू नका. तो पावसात घसरतो, पण त्याला चार्ज करायला कोणी विसरत नाही. पायडलच्या दोन्ही कडांना पिवळे रिफ्लेक्टर असतील तर काढू नका. खाली-वर होणारे ते दोन ठिपके बघून मागच्या गाडीवाल्याला सायकल लगेच ओळखू येते.

आरसा उजव्या हँडलला जरूर लावा. 2023 मध्ये चांदणी चौकात नवा पूल झाल्यापासून तिथे रॅम्पचं जाळं आहे, मागून वेगाने येणाऱ्या गाड्या कोणत्या फाट्याला वळणार हे सारखं मान वळवून बघणं शक्य नसतं.

कपड्यांचं सांगते. सायकलसाठी वेगळे कपडे घ्यायची गरज नाही. ओढणी मात्र घरून निघताना बॅगेत, आणि हा नियम कधीच मोडू नका. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्या, ती हायब्रिडलाही बसते, आणि पूर्ण नाही तरी वरून झाकणारं चेनकव्हर. सलवारीच्या उजव्या पायाला वेल्क्रोची पट्टी. माझे वडील पँटला पत्र्याची गोल क्लिप लावायचे, तिचंच हे नवं रूप. रिफ्लेक्टर असलेली घेतली तर रात्रीही कामाला येते. घामासाठी उपाय वेगाचा आहे. 9 किलोमीटरला 40-45 मिनिटं द्या, शेवटचा किलोमीटर मुद्दाम हळू चालवा, म्हणजे ऑफिसात शिरेपर्यंत अंग निवलेलं असतं. एक जोड कपडे आणि पंचा ऑफिसच्या खणात असू द्या.

पावसात दुचाकीवाल्यांचा जाड रेनकोट-पँट घातला तर आतून घामानेच भिजायला होतं. मी वरून गुडघ्यापर्यंतचा हलका रेनकोट घालते, खाली लवकर वाळणारी ट्रॅक पँट, पायात पट्ट्यांच्या प्लास्टिकच्या सँडल, आणि पोचल्यावर बदलते. हँडलवर पसरणारा पोंचोही चांगला, कोकणातलं इरलं जसं वरून झाकून खालून हवा खेळवतं तसाच. पण वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो, त्यामुळे पुलांवर आणि उघड्या रस्त्यावर तो नको. सीटवर घालायला एक प्लास्टिकची टोपी सीटखालीच खोचून ठेवा.

हेल्मेट सायकलचंच हवं, आत ईएन 1078 किंवा सीपीएससी असा शिक्का बघा. पट्टा बांधून हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत, कपाळ झाकलेलं असावं. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदला, आतला फोम दबलेला असतो. केसांचा अंबाडा वर बांधला तर हेल्मेट बसत नाही, वेणी घाला.

कुलपं दोन. मागच्या चाकाचं, फ्रेमला बसलेलं रिंग-लॉक, जे भाजीवाल्यापाशी दोन मिनिटांसाठी पुरतं, आणि ऑफिससाठी कडक पोलादाची साखळी किंवा यू-लॉक. पातळ केबल साध्या कटरने तुटते. चाकांना आणि सीटला हाताने उघडणारे लिव्हर असतील तर ते काढून नट किंवा ॲलन-कीचे बोल्ट लावून घ्या.

बॅगेतल्या छोट्या पिशवीत एक नवी ट्यूब, दोन प्लास्टिकचे टायर-लिव्हर, छोटा पंप, ॲलन-कीचा जुडगा आणि चाकाच्या नटला बसणारा पान्हा एवढं असू द्या. रस्त्यात पंक्चर काढत बसू नका, ट्यूब बदला, जुनी घरी नेऊन निवांत ठिगळ लावा. बदलण्याआधी टायरच्या आतून बोटं हलकेच फिरवा. गाड्यांच्या टायरमधून सुटलेली केसाएवढी तार तिथे रुतलेली असते आणि तीच नवी ट्यूबही फोडते.

चेनसाठी शाळेची फूटपट्टी पुरते. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि 24 घरं मोजा. नव्या चेनमध्ये तिथल्या पिनेचा मध्य बरोबर 12 इंचांवर येतो. तो एक षोडशांश इंच, म्हणजे साधारण दीड मिलीमीटर, पुढे गेला की चेन बदला. एक अष्टमांश इंच पुढे जाईपर्यंत थांबलात तर मागच्या चकत्यांचे दातही झिजलेले असतात आणि खर्च तिप्पट होतो. पावसात भिजून आल्यावर जुन्या सुती कापडाने चेन पुसा, प्रत्येक घरावर एक थेंब तेल, पायडल उलटं फिरवून पुन्हा पुसा. वरून ओघळणारं तेल फक्त धूळ धरतं.

पैशांची वाटणी मी अशी करेन: 15-16 हजारांपर्यंत सायकल, उरलेले 9-10 हजार मडगार्ड, कॅरियर, बॅग, दिवे, कुलपं, हेल्मेट आणि पंप यांना, सगळं पहिल्याच दिवशी. कुठे कमी पडलं तर सायकलीतून हजार कापा, मडगार्ड आणि दिव्यांतून नको. बॅग महाग वाटली तर तूर्त कॅरियरवर झाकणाचा प्लास्टिकचा क्रेट बोल्टने बसवा, लॅपटॉप जाड पिशवीत गुंडाळून त्यात ठेवा. कितीतरी कामकरी माणसं वर्षानुवर्षं तेच करतात. मोटरवाल्या सायकलीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण चढामुळे तो विचार येईलच. 250 वॅटपर्यंतची, ताशी 25 किलोमीटरच्या वेगाला बांधलेली असेल तर लायसन्स लागत नाही. मात्र 25 हजारांत बॅटरी, मोटर आणि धड सायकल तिन्ही मिळत नाहीत, म्हणून आत्ता नको.

सायकल आणल्यावर एका रविवारी सकाळी पूर्ण सामान लादून, लॅपटॉपऐवजी तेवढ्याच वजनाची पुस्तकं भरून, ऑफिसपर्यंत जाऊन या. जाताना चांदणी चौक-बावधन-पाषाणवरून, येताना विद्यापीठ चौक आणि सेनापती बापट रस्त्याने, म्हणजे दोन्ही वाटा कळतील. पोचल्यावर तिथल्या वॉचमनकाकांना भेटा आणि सायकल कुठे लावायची ते त्यांच्यासोबत ठरवा. पत्र्याखालची, सीसीटीव्हीच्या टप्प्यातली, पक्का खांब किंवा ग्रिल असलेली जागा मागा आणि तुमची साखळी त्या खांबाभोवती फिरून फ्रेमपर्यंत पुरते का ते तिथेच बघा. नाही पुरली तर दुकानदाराकडून लगेच बदलून लांब घ्या, तो पहिल्या आठवड्यात बदलून देतो.